कुंदनच्या टपावरचे दिवे

कुंदन भदाणेला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला तो काशिनाथकडे जायचा आणि पिकअपला आणखी एक दिवा लावून परत यायचा. असं कितीतरी महिने चाललं.

मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून हे पाहिलं. मला काही कळलं नाही.

गोष्ट अशी होती. गेल्या वर्षी आषाढात, दिवेलागणीला, कुंदन कडोदऱ्याकडून आतल्या रस्त्याने रिकामी गाडी घेऊन येत होता. गाडीचा उजवा हेडलाइट गेला होता. त्याला ते माहीत होतं. उद्या बदलू, असं तो रोज म्हणत होता. एकच दिवा लागलेली पिकअप समोरून बाइकसारखी दिसते. त्यात उजवा गेलेला असेल, तर समोरच्याला वाटतं की बाइक पार पलीकडच्या कडेने येतेय आणि मधला रस्ता मोकळा आहे. समोरून एक माणूस मोपेडवर आला. त्या मोकळ्या वाटणाऱ्या रस्त्यात आला, आणि तिथं त्याला पिकअपचं तोंड दिसलं. त्याने मोपेड बाहेर खेचली. गाडीला ती लागलीसुद्धा नाही. कुंदनने आरशात पाहिलं. मोपेड आडवी झाली होती. माणूस तिच्याखाली होता आणि हात हलवत होता.

कुंदन थांबला नाही.

काही दिवसांनी कडोदऱ्याला चहा पिताना त्याने ऐकलं. पडलेला माणूस काशिनाथ, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा. मांडीत सळई घातली. बिचारा म्हणतो, समोरून बाइक येत होती, तिचा एकदम टेम्पो झाला. लोक हे सांगून हसत होते. कुंदनने चहा संपवला. त्याच दिवशी उजवा दिवा बदलला.

हे सगळं त्याने मला एका रविवारी सांगितलं. तोवर मी त्याची चेष्टा करत होतो.

मी मराठी घेऊन बी.ए. केलं आणि बमरोलीतल्या एका कापडाच्या गोदामात पावत्या बनवतो. लूमवरून उतरलेलं कोरं कापड आमच्याकडे येतं. कुंदन ते गाडीत भरून रंगाईच्या मिलमध्ये पोचवतो. गाडी त्याची स्वतःची. तो तिला रोज पुसतो. पुसताना तिच्याशी गुजरातीत बोलतो. आईशी, म्हणजे प्रमिलाबाईंशी, अहिराणीत. माझ्याशी मराठीत. पोलिसाशी हिंदीत. एकदा मी विचारलं, असं का? तो म्हणाला, "गुजरातीत मी दुसराच कोणी असतो. जरा चांगला."

मला तो कवी म्हणतो. मी एकही कविता लिहिलेली नाही. तो म्हणतो, बी.ए. मराठी म्हणजे तेच.

दिवाळीनंतर काशिनाथने पुन्हा काम सुरू केलं. कुंदन मला म्हणाला, "चल कवी, कडोदऱ्याला जाऊन येऊ." निघण्याआधी त्याने आरशात पाहून केस विंचरले. रस्ताभर ओठ हलवत होता.

काशिनाथचं दुकान म्हणजे टायरवाल्याच्या शेजारचं अर्धं शटर. तो पन्नाशीचा. डबा उलटा घालून त्यावर बसला होता. डावा पाय सरळ पुढे ठेवलेला. दातांनी वायर सोलत होता. कुंदन त्याच्यासमोर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

काशिनाथने वायर तोंडातून काढली. "बोलो भाई, शुं काम छे?"

कुंदनने मागे वळून स्वतःच्या गाडीकडे पाहिलं. बंपर पाहिला. मग वर पाहिलं.

"केबिन उपर लाइट नाखवानी छे," तो म्हणाला.

मला आश्चर्य वाटलं. केबिनवर दिवे लावायचे, हे तो कधी बोलला नव्हता. काशिनाथ मात्र खूश झाला. मोठ्या ट्रकना असतात तसे, केशरी, एलईडीचे, एका ओळीत पाच. त्याच्याकडे होते. त्याने एक हातावर घेऊन दाखवला. मग मोडक्या गुजरातीत समजावून सांगू लागला. लोक हे शोभेसाठी लावतात. हे शोभेचं काम नाही. अंधारात समोरच्याला कळायला पाहिजे, येतंय ते केवढं आहे. किती रुंद, किती उंच. नाहीतर माणूस फसतो.

"हुं फस्यो," तो म्हणाला आणि मांडीवर थाप मारली.

कुंदन टायर बघायला गेला.

दिवे बसवायचे तर टपावर चढावं लागतं. काशिनाथ मागच्या हौद्यात चढला. आधी हात, मग चांगला पाय, मग दुसरा पाय हाताने उचलून. कुंदन म्हणाला, मी चढतो काका, तुम्ही खालून सांगा. काशिनाथ त्याच मोडक्या गुजरातीत म्हणाला, "टपाला भोक एकदा पडलं की पडलं. ते मीच पाडणार."

त्याने टपाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा ताणला. दोऱ्याची घडी घालून मध्य काढला. कागदी टेप चिकटवून त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. ड्रिल फिरू लागलं तेव्हा कुंदनने डोळे मिटले. पत्र्याचा चुरा त्याच्या खांद्यावर पडत होता. तो हौद्यात उभा राहून काशिनाथची कंबर दोन्ही हातांनी धरून होता.

"सोड रे," काशिनाथ म्हणाला. "गुदगुल्या होतात."

कुंदनने सोडली नाही.

भोकांच्या कडा घासल्या. गंज धरू नये म्हणून त्यांना रंग लावला. रबरी कडी बसवली. वायर छताच्या कापडामागून घेतली, काचेशेजारच्या खांबातून खाली आणली, स्विचपाशी सोडली. दुपार गेली. शेवटी काशिनाथ खाली उतरला, गाडीपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, लाव. पाच केशरी ठिपके लागले. उन्हात फिके दिसत होते.

"आता याला कोणी बाइक म्हणेल?" तो गुजरातीत म्हणाला.

"नहीं," कुंदन म्हणाला.

परत येताना तो सारखा मान वर करून टपाकडे बघत होता. मला वाटलं, गाडीला भोकं पाडल्याचं वाईट वाटतंय.

गोदामासमोर गाड्या उभ्या असतात. तिथं मगन हा जुना ड्रायव्हर. कोणालाही सोडत नाही.

"कुंदनशेठ, वरात कोणाची?"

"कोणाची नाही."

"नवरदेव कुठं बसवलाय? ताग्यात गुंडाळला का?"

सगळे हसले. मीही हसलो.

थंडीत तो पुन्हा गेला. पुन्हा केस विंचरले. पुन्हा काशिनाथसमोर उभा राहिला. काशिनाथने विचारलं, काय काम? कुंदन म्हणाला, बाजूला पण लावा. मग हौद्याच्या दोन्ही अंगांना दिवे लागले. मग मागच्या फळीवर. मग आरशांखाली. मग टपावरच्या ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक जास्तीचा, ज्याची काही गरज नव्हती. मग डॅशबोर्डवरच्या देवापुढे एक निळा. गाडी लांबून जत्रेतल्या पाळण्यासारखी दिसायला लागली. मगन आता रोज विचारायचा, तिकीट कुठं मिळतं?

मी एकदा म्हणालो, "कुंदन, काशिनाथला मुलगी आहे का?"

"गप बस, कवी."

"नाही, केस विंचरून जातोस म्हणून विचारलं."

त्याने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, मारतो. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाला, "तो चढतो कसा, पाहिलंस का तू? पाय कसा उचलतो?"

"तू तर म्हणतोस, लाव म्हणून."

"हो," तो म्हणाला. "मीच म्हणतो."

श्रावण लागला. पावसाचं पाणी टपावरच्या एका दिव्याखालून आत ठिबकायला लागलं. या वेळी खरंच काम होतं. काशिनाथ वर चढून दिव्याभोवती सिलिकॉन भरत होता. कुंदन खाली उभा होता. त्याचा फोन वाजला. आईचा होता.

"येस ना माय," तो म्हणाला. "तू जेवी ले."

वरून काशिनाथचं डोकं खाली लोंबलं. सिलिकॉनची नळी हातात तशीच.

"काय बोलना तू?"

कुंदनने फोन खिशात टाकला.

"अहिराणी बोलना ना? कोणतं गाव तुन्हं?"

"अमळनेरकडे," कुंदन म्हणाला.

"अमळनेरकडे म्हणजे अर्धं जग. आडनाव काय?"

कुंदनने माझ्याकडे पाहिलं. त्याला आडनाव आठवत नसल्यासारखं. म्हणून मीच सांगितलं, भदाणे.

काशिनाथ ज्या वेगाने खाली उतरला, त्या वेगाने मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पाय हाताने उचलायचंही विसरला. खाली येऊन त्याने कुंदनच्या पाठीत धपाटा घातला.

"अरे लेका, मी बी भदाणे. एवढे महिने माझ्यासंगं गुजराती फाडतोय. मी बी येडा, जीभ वाकडी करून बोलतोय." मग टायरवाल्याला ओरडून सांगितलं, "हाऊ आपला भाऊबंद शे!"

टायरवाला राजस्थानी. त्याने मान हलवली.

काशिनाथने गावं काढली, नावं काढली. कोणाचा आजा कोणाचा चुलत, हे जुळवलं. कुंदन हो हो म्हणत गेला. त्याच्या कपाळावर घाम होता. शेवटी काशिनाथ म्हणाला, "रविवारी कानबाई बसते माझ्याकडं. तू यायचं. रोट खायला."

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला तापीवर जाते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ घेतात, त्या पिठाचे रोट करतात. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि उरू द्यायचे नाहीत. हे मला काशिनाथनेच समजावलं.

"गेल्या वर्षी बसवलीच नाही," तो म्हणाला. "पाय प्लास्टरमध्ये. बायको रडली. इथं आमचं खायला तरी आहे कोण? मुलगा तिकडं आखातात. यंदा तुझ्या नावाची मूठ घ्यायला सांगतो." मग माझ्याकडे वळला. "तुम्ही कोण, सर?"

मी माझं आडनाव सांगितलं.

"मग तुम्हाला रोट नाही. पण या. भजी आहेत."

त्या रविवारी आम्ही निघालो. कुंदनने पांढरा शर्ट घातला होता. केस विंचरले नव्हते. खाडीच्या पुलापाशी त्याने गाडी उभी केली आणि मला सगळं सांगितलं. आषाढ, हेडलाइट, आरसा. सलग सांगितलं. इतक्या वेळा मनात म्हटलेलं असावं की कुठे अडखळला नाही.

अपराधीपणा या विषयावर मी परीक्षेत पानं भरून लिहिलेलं आहे. त्यातलं एक वाक्य मला आठवलं नाही. मला फक्त दिवे दिसत होते. बाजूचे, मागचे, आरशांखालचे. प्रत्येक दिवा म्हणजे एक न सांगितलेला दिवस. आणि प्रत्येकासाठी तो माणूस पाय उचलून वर चढला होता, आणि मी खाली चहा पीत होतो.

"आज सांगतो," कुंदन म्हणाला.

"आज त्यांच्याकडे सण आहे."

"म्हणून तर. भाऊबंद म्हणून रोट खाल्ला आणि मग सांगितलं, तर ते जास्त वाईट. आणि खाल्ल्यावर मी सांगणारच नाही. मला माहीत आहे मी कसा आहे."

त्याने गाडी चालू केली.

काशिनाथचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत चौरंगावर कानबाई. नारळाला नथ, डोळे, साडी. वत्सलाबाई, काशिनाथची बायको, हसतमुख, हातभर हिरव्या बांगड्या. तिने कुंदनला पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हीच ते दिवेवाले. हे रोज सांगतात, एक पोरगा आहे, त्याला अंधाराची लई भीती."

मला ओट्यावर बसवलं. भजी दिली. दार उघडं होतं. आत कुंदन आणि काशिनाथ समोरासमोर पाटावर. ताटात रोट, खीर, भोपळ्याची भाजी.

"बठ, नीट बठ," काशिनाथ म्हणाला.

"खा ना भाऊ, लाजू नका," वत्सलाबाई म्हणाली. "तुमच्या नावाची मूठ घेतलीय, ती तुम्हीच संपवायची."

कुंदनने रोटाचा तुकडा मोडला. हातात धरला. परत ताटात ठेवला.

"काका," तो मराठीत म्हणाला. "तुम्हाला जी बाइक वाटली ना, ती माझी गाडी होती."

"कोणती बाइक?"

"तुम्ही पडलात ती."

काशिनाथचं चावणं थांबलं. वत्सलाबाईच्या हातात खिरीचा डाव होता. तो तिने पातेल्यात सोडला. पातेल्यात तो बुडाला.

"कोणता दिवा गेलता?" काशिनाथने विचारलं.

"उजवा."

"माहीत होतं?"

"हो."

"मला पाहिलं होतंस?"

"आरशात."

"मी हात केला होता."

"पाहिला."

बाहेर गल्लीत कोणाकडे तरी कानबाईची गाणी चालू होती. ढोलकी वाजत होती. मी भज्याची ताटली खाली ठेवली.

"मग हे दिवे?" काशिनाथ म्हणाला.

"सांगायला यायचो."

"आणि मला वर चढवायचास."

कुंदनने ताट जरा पुढे सरकवलं. मग हात टेकून उठायला लागला.

"ताट सोडीसन उठनं नही," काशिनाथ म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "रोट उरू देतस नही."

कुंदन परत बसला. त्याने खायला सुरुवात केली. वत्सलाबाई आतल्या खोलीत गेली. रोट कोरडा. तो घासागणिक पाणी पीत होता. खीर घ्यायची होती, पण वाढायला कोणी नव्हतं. काशिनाथ स्वतःचं ताट संपवत होता. दोघंही एकमेकांकडे न पाहता जेवले. मी कधी इतकं हळू जेवण पाहिलेलं नाही. शेवटी कुंदनने ताटात सांडलेले कण बोटाने गोळा केले आणि तेही खाल्ले.

निघताना काशिनाथ दारात आला. तो माझ्याशी बोलला.

"त्याला सांगा, उद्या कानबाई गेल्यावर गाडी आणायची. दुकानावर."

कुंदन माझ्या शेजारीच उभा होता.

सोमवारी संध्याकाळी आम्ही गेलो. काशिनाथच्या कपाळाला अजून गुलाल होता. तो डब्यावर बसला होता. कुंदनकडे पाहून तो म्हणाला, "उपर चढ."

गुजरातीत.

कुंदनलाही ते कळलं. तो चढला. काशिनाथ खालून सांगत गेला, सगळं गुजरातीत, मोडक्या गुजरातीत, जीभ वाकडी करून. टपाच्या टोकांचे जास्तीचे दोन काढ. भोकात सिलिकॉन भर. बाजूचे, मागचे काढ. आरशांखालचे काढ. देवापुढचा राहू दे. कुंदन काढत गेला. दिवे काशिनाथच्या पायापाशी जमत गेले. शेवटी टपावर पहिले पाच राहिले. तोवर अंधारून आलं होतं.

मग काशिनाथ उठला. मला म्हणाला, "कवी, तुम्ही आत बसा. मी सांगेन तेव्हा दिवे लावा." हे मराठीत.

दुकानाच्या मागे शेताकडे जाणारा एक रस्ता आहे. सरळ आणि रिकामा. गाडी तिथं उभी केली. काशिनाथने कुंदनला हाताने दाखवलं. "दूर जा. पेली बाजू."

कुंदन चालत गेला. पार लांब जाऊन वळला. त्याचा कालचाच पांढरा शर्ट तेवढा दिसत होता.

"हेडलाइट," काशिनाथ म्हणाला.

मी लावले. काशिनाथने खांद्यावरचा फडका काढला, घडी घातली आणि उजव्या दिव्यावर धरला. रस्त्याची अर्धी बाजू विझली.

"शुं देखाय छे?" त्याने ओरडून विचारलं.

काशिनाथने फडका आणखी घट्ट दाबला.

"बोल, शुं देखाय छे?"

"बाइक," कुंदन म्हणाला. आवाज बारीक आला.

काशिनाथने फडका तसाच धरून ठेवला. त्याचा हात तापत असेल. मी काच खाली केली, काही बोलावं म्हणून. मग त्याने मान न वळवता मला सांगितलं, "आता वरचे." मी स्विच दाबला. माझ्या डोक्यावर पाच दिवे लागले. मला ते आतून दिसत नव्हते. मला फक्त कुंदन दिसत होता. तो रस्त्यात खाली बसला.

काशिनाथने फडका काढला, झटकला, खांद्यावर टाकला. तो कुंदनकडे गेला नाही. दुकानाकडे गेला. तेवढ्या चालण्याला त्याला वेळ लागला.

आता गाडीवर पाचच दिवे आहेत. मगनने पुष्कळ विचारलं, वरात मोडली का? कुंदन हसतो. दर आठवड्याला तो गाडी काशिनाथकडे नेतो. काशिनाथ गाडीपुढे उभा राहतो. हेडलाइट लावायला सांगतो. दोन्ही पाहतो. "बराबर छे," म्हणतो, आणि डब्यावर जाऊन बसतो. अहिराणीतला एक शब्द नाही.

एकदा परतताना कुंदनने मला विचारलं, पुढच्या श्रावणात वत्सलाबाई माझ्या नावाची मूठ घेतील का रे?

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. वळण आलं, त्याने हॉर्न दिला, रस्ता रिकामा होता तरी, आणि भर दुपारी वरचे दिवे लावले.